परीक्षा न घेता सूत्राने दिलेले गुण न्याय्य असतात का?

शमीपत्र (धागाकर्ती)

दहावीच्या ताणाबद्दलच्या धाग्यावर दोन-तीन जणांनी सुचवलं की बोर्डाची परीक्षाच बंद करा. वर्षभराच्या नोंदी संगणकाला द्या, तो श्रेणी ठरवेल. पेपरफुटी नको, कॉपी नको, मुलांच्या जिवाला घोर नको. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे. इंग्लंडने २०२० मध्ये हे खरोखर करून पाहिलं आणि चार दिवसांत मागे घेतलं. आपल्यापर्यंत त्यातलं 'अल्गोरिदमने घोळ घातला' एवढंच पोचलं. घोळ नेमका कुठे होता हे समजून घेतलं नाही तर तोच आपण पुन्हा घालू.

तिकडची ए लेव्हल म्हणजे ढोबळमानाने आपली बारावी. मुलं बहुधा तीनच विषय घेतात. विद्यापीठं निकालाच्या कितीतरी आधी सशर्त जागा देऊन ठेवतात: या विषयांत इतक्या श्रेणी आणल्यास तर प्रवेश पक्का. त्यामुळे एका विषयात एक पायरी घसरली तरी हातातली जागा जाऊ शकते. मार्च २०२० मध्ये परीक्षा रद्द झाल्या तेव्हा ऑफक्वॉल या नियामक संस्थेने शाळांकडून प्रत्येक विषयासाठी दोन गोष्टी मागवल्या. परीक्षा झाली असती तर या मुलाला कोणती श्रेणी मिळाली असती याचा शिक्षकांचा अंदाज, आणि त्या विषयातल्या मुलांची पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमवारी. दोघांना एकच क्रमांक द्यायला परवानगी नव्हती.

इथवर ठीक. पण ज्या विषयाला शाळेत पंधराहून जास्त मुलं होती, तिथे श्रेणी ठरवताना शिक्षकांचा अंदाज वापरलाच नाही. फक्त क्रमवारी घेतली. कोणत्या किती श्रेणी वाटायच्या हे त्या शाळेच्या २०१७ ते २०१९ च्या निकालांवरून ठरलं. यंदाची बॅच आधीच्यांपेक्षा वरचढ आहे की कच्ची, हे तिच्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेवरून बघून थोडी दुरुस्ती केली. मग वरून खाली वाटत गेले.

एक कल्पित उदाहरण घेते. एका सरकारी कॉलेजात भौतिकशास्त्राला पंचवीस मुलं. गेल्या तीन वर्षांत तिथे ए स्टार ही सर्वोच्च श्रेणी कुणालाच मिळालेली नाही, आणि दर वर्षी एखादं मूल नापास झालं आहे. नापासाला तिथे 'यू' म्हणतात. यंदा पहिल्या क्रमांकावरची मुलगी कितीही तल्लख असली तरी तिच्यासाठी ए स्टार निघणं जवळजवळ अशक्य. शेवटच्या क्रमांकावरचा मुलगा शिक्षकांच्या मते सहज पास होणारा आहे. तरी त्याच्या वाट्याला यू येते, कारण वाटायच्या यादीत एक यू आहे आणि ती कुणाला तरी द्यायचीच आहे. त्याने एकही पेपर लिहिलेला नाही. जी परीक्षा झालीच नाही तीत तो नापास.

आता महागड्या खासगी शाळेत लॅटिन, संगीत, प्रगत गणित अशा विषयांना चार-चार मुलं असतात. इतक्या कमी मुलांवर सांख्यिकी चालत नाही हे ऑफक्वॉललाही मान्य होतं, म्हणून तिथे शिक्षकांचाच अंदाज धरला. पाच ते पंधरा मुलं असतील तर दोन्हींचं मिश्रण. लहान वर्ग कुणाला परवडतात हे सांगायला नको. खासगी शाळांमधलं ए आणि ए स्टारचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ४.७ टक्के-अंकांनी वाढलं. सामान्य घरांतली मुलं ज्या सिक्स्थ फॉर्म आणि फर्दर एज्युकेशन कॉलेजांत जातात, तिथे वाढ ०.३.

१३ ऑगस्टला निकाल लागले. शिक्षकांनी दिलेल्यापैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या होत्या, बहुतेक एका पायरीने, काही दोन. मुलं शिक्षण खात्याच्या दाराशी फलक घेऊन उभी राहिली आणि १७ तारखेला सरकारने सूत्र सोडलं. शिक्षकांचा अंदाज किंवा सूत्राची श्रेणी, जे वरचं असेल ते मुलाचं. स्कॉटलंडमध्ये हेच थोडं आधी घडलं होतं, ४ ऑगस्टला निकाल आणि ११ ला माघार. तिथल्या हायर या शालान्त परीक्षेत सर्वांत गरीब वस्त्यांमधलं उत्तीर्णांचं प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ टक्के-अंकांनी खाली ओढलं गेलं होतं, सर्वांत सुखवस्तू वस्त्यांमधलं ६.९ ने.

पंतप्रधान जॉन्सन यांनी पुढे 'म्यूटंट (विकृत झालेला) अल्गोरिदम' म्हणून हात झटकले. हे मला मुळीच पटत नाही. अल्गोरिदम बिघडला नव्हता. देशाचा एकूण निकाल मागच्या वर्षांच्या जवळपास ठेव, असं त्याला माणसांनीच सांगितलं होतं आणि त्याने ते चोख केलं. माझं म्हणणं असं की मुलीची श्रेणी जर तिच्या आधी त्या शाळेतून गेलेल्या अनोळखी मुलांवरून ठरत असेल, तर देशाची सरासरी कितीही अचूक येवो, त्या मुलीवर अन्याय झालेला असतो. संगणकाने केला काय नि माणसाने कागदावर केला काय.

मध्यगा

शमीपत्रताई, मांडणी उत्तम. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

शिक्षकांचे अंदाज जसेच्या तसे घेतले तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं. ए आणि त्यावरच्या श्रेणींचं प्रमाण २०१९ मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२० मध्ये अंदाज मान्य केल्यावर ते ३८ च्या घरात गेलं, आणि २०२१ मध्ये पुन्हा शिक्षकांनीच श्रेणी दिल्या तेव्हा ४४.८. दोन वर्षांत देशातली मुलं एवढी हुशार झाली असं कुणीच म्हणणार नाही. २०१९ ला खरी परीक्षा देऊन बी मिळवलेला आणि एक वर्ष थांबलेला मुलगा या ए वाल्यांशी स्पर्धा करतो. त्याच्या न्यायाचं काय? शिक्षक खोटारडे असतात असं मी म्हणत नाही. प्रत्येक शिक्षकाने आपल्या मुलाच्या चांगल्या दिवसाचा अंदाज दिला. परीक्षेत मात्र काही मुलांचा दिवस वाईट असतोच.

आणि परीक्षा म्हणजे सोन्याचा काटा असंही समजू नका. ऑफक्वॉलनेच २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. वरिष्ठ परीक्षकाने दिली असती तीच श्रेणी प्रत्यक्षात मिळण्याची शक्यता गणितात ९६ टक्के, इतिहासात ५६ आणि इंग्रजी भाषा-साहित्यात ५२ च्या आसपास. म्हणजे निबंधाच्या विषयांत जवळजवळ निम्म्या मुलांची श्रेणी वेगळी येऊ शकली असती. त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

शमीपत्र

मध्यगा, आकडे मान्य. पण त्या दोन चुकांची जात वेगळी आहे. इतिहासाचा पेपर कडक परीक्षकाकडे गेला तर नुकसान कुणाचंही होऊ शकतं, गरिबाचं, श्रीमंताचं, सातारच्या मुलाचं, दादरच्या मुलाचं. शिवाय उत्तरपत्रिका हातात असते, फेरतपासणी मागता येते. सूत्राची चूक ठरावीक शाळांच्या ठरावीक मुलांवरच पडते. जी शाळा आता कुठे सुधारायला लागली आहे तिच्यातलं हुशार मूल हमखास सापडतं. आणि ते दाद कशाच्या आधारावर मागणार? दाखवायला त्याच्याकडे पेपरच नाही.

फुगवट्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर उपाय हवाच होता. पण शाळेचे एकूण अंदाज फार वर दिसले तर शाळेला बोलावून विचारता आलं असतं, मुलांची जुनी कामं मागवता आली असती. मुलांना न विचारता वरून कापणं हा त्यावरचा उपाय नव्हता.

टेम्सकाठ

आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लावला राहतो. माझी मुलगी त्याच बॅचची. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित. शिक्षकांनी ए, ए, बी दिले होते हे आम्हाला नंतर कळलं, कारण निकाल लागेपर्यंत अंदाज आणि क्रमांक मुलांना सांगायचे नाहीत असा शाळांना दंडकच होता. आले बी, बी, सी. विद्यापीठाची जागा सकाळी गेली. मुलगी रडलीसुद्धा नाही. तिने वही काढली आणि प्रत्येक विषयाच्या सराव परीक्षेचे गुण लिहून काढायला लागली, जणू कुणाला तरी पुरावा द्यायचा होता.

निकालाच्या दोन दिवस आधी रात्री शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की सराव परीक्षेच्या गुणांवर अपील करता येईल. शनिवारी ऑफक्वॉलने त्याचे नियम प्रसिद्ध केले आणि काही तासांत मागे घेतले. मी ते पान उघडून ठेवलं होतं, चहा घेऊन परत आले तर नियमच नाहीत. सोमवारी सगळंच फिरलं, तिला ए, ए, बी परत मिळाले. पण तोवर त्या अभ्यासक्रमाची यंदाची जागा भरली होती. 'पुढच्या वर्षी या' असं उत्तर आलं. गेली ती पुढच्या वर्षी, आता सगळं मार्गी लागलंय.

मला आजही बोचतो तो क्रमांक. तिच्या वर्गात तिघी मैत्रिणी जवळजवळ सारख्या. त्यांच्यात पहिली, दुसरी, तिसरी लावायला त्यांच्याच बाईंना भाग पाडलं. नंतर बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, मी दोन रात्री झोपले नाही. एका जागेच्या फरकाने श्रेणी बदलणार हे त्यांना यादी भरताना ठाऊक नव्हतं.

पाखरू

टेम्सकाठताई, वाचून गलबलून आलं. यातलं आपल्या २०२१ च्या दहावीला किती लागू होतं? तेव्हाही सूत्रच होतं ना?

शिरोळचे मास्तर

सूत्र होतं, आणि मी स्वतः ते भरलेलं आहे. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती, त्यात मी होतो.

आपल्या राज्य मंडळाचं सूत्र इंग्लंडपेक्षा साधं होतं. प्रत्येक विषयाचे शंभर गुण: दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० आणि नववीच्या निकालाचे ५०. शाळेच्या मागच्या निकालाचा संबंध नाही. मुलाचं स्वतःचंच काम मोजलं, ही जमेची बाजू मी आधी सांगतो.

पण नववीचे ५० म्हणजे कोणती नववी? २०१९-२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. त्या मुलांचा नववीचा निकाल पहिली सहामाही, चाचण्या आणि अंतर्गत गुण यांवरच लागला होता. आणि आमच्या भागात २०१९ चं पहिलं सत्र म्हणजे काय हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला विचारा. ऑगस्टचा महापूर. शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात. शाळेच्या खोल्यांत आधी पाणी, मग चिखल, मग छावणीची माणसं. पुस्तकं, वह्या, दप्तरं लगद्यासारखी झालेली. पोरं घरच्यांबरोबर भिंतींचा गाळ खरवडत होती. दिवाळीआधी कशीबशी सहामाही घेतली आम्ही. त्या परीक्षेचा तेव्हा कुणालाच काही अर्थ वाटत नव्हता, पोरं शाळेत परत यावीत एवढाच हेतू होता.

दोन वर्षांनी त्याच सहामाहीच्या जोरावर दहावीचे निम्मे गुण भरायला बसलो. एक पोरगा होता, नववीच्या सहामाहीत गणिताला शंभरात ३१. दहावीला आल्यावर असा पेटला की ऑनलाइन तासाला बापाचा फोन घेऊन बांधावर बसायचा, कारण घरात रेंज नाही. बोर्डाचा पेपर झाला असता तर ८० च्या खाली आला नसता, हे मी पैजेवर सांगतो. पण ५० पैकी त्याचे साडेपंधरा आधीच लिहून ठेवलेले. उरलेल्या ५० पैकी सगळे दिले तरी ६६ च्या वर जात नाही. समितीत मी बोललो, सगळ्यांना पटलंही. पण निकालपत्रकात महापुराला रकाना नव्हता. पुढे श्रेणीसुधारची संधी होती, पण तोवर अकरावीचे प्रवेश उरकलेले.

राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. सगळे म्हणाले, सगळेच पास, मग अन्याय कुणावर झाला?

बॅच२०२१

मास्तर, मी त्याच बॅचची, डोंबिवलीची. माझं थोडं वेगळं आहे.

एप्रिल २०२१ मध्ये माझे बाबा कोविडने गेले. परीक्षा त्या महिन्याच्या अखेरीस सुरू व्हायची होती. रद्द झाली नसती तर मी काय लिहिलं असतं, माहीत नाही. नववीत मला चांगले गुण होते, ते कामी आले. मास्तरांच्या त्या मुलाला ज्या नववीने बुडवलं, तिनेच मला तारलं. म्हणून 'परीक्षा हीच खरी' असं कुणी ठामपणे म्हटलं की मला पटत नाही. एका ठरावीक आठवड्यात मूल काय लिहू शकतं यावर सगळं टांगणं हाही काही न्याय नाही.

नंतर अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली, २१ ऑगस्टला. शंभर गुणांची, चार विषय. मी अभ्यासाला बसले होते, आईनेच बसवलं होतं. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रवेश दहावीच्या गुणांवरच झाले. शाळेने सढळ हाताने गुण दिले असतील तर मूल पुढे, हात आखडला असेल तर मागे, आणि कट-ऑफच्या यादीत दोघं शेजारी. माझ्या मैत्रिणीच्या शाळेने प्रामाणिकपणे गुण दिले. ती म्हणते, प्रामाणिक शाळेत शिकल्याची शिक्षा झाली.

आणि अजून कुणी सहज विचारतं, 'कोरोना बॅच का? म्हणजे न देता पास.' हे कृपया कुणाला म्हणू नका.

वाळवंटी

बॅच२०२१, तुझ्या आईला नमस्कार सांग.

मी आखाती देशात सीबीएसईच्या शाळेत शिकवते. इंग्लंडच्या सूत्राचा एक तुकडा आमच्याकडेही आला होता आणि भारतात त्याची फारशी चर्चा झाली नाही, म्हणून लिहिते. बारावीला २०२१ मध्ये ३०:३०:४० होतं, म्हणजे दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या चाचण्या व पूर्वपरीक्षांचे ४०. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यावर मॉडरेशन होतं. शाळेने मागच्या तीन वर्षांपैकी सर्वांत चांगल्या निकालाचं वर्ष संदर्भ म्हणून घ्यायचं आणि यंदाची विषयवार सरासरी त्या वर्षाच्या सरासरीपासून पाच गुणांच्या आतच ठेवायची.

म्हणजे पाया मुलांच्या गुणांचा, पण छत जुन्या बॅचचं. आमच्या अर्थशास्त्राच्या बॅचने खरोखर मेहनत केली होती, आधीच्या तिन्ही बॅच साधारण. सरासरी बसेना. मग कुणाचे दोन काढ, कुणाचे तीन काढ. तक्त्यात मुलांची नावं असतात, आणि प्रत्येक नावापुढचा आकडा खाली करताना तो चेहरा समोर येतो. ज्याचे ९५ चे ९२ झाले त्याला दिल्लीच्या कॉलेजात त्या वर्षी जागा नव्हती.

तरीही मॉडरेशन नसतं तर काही शाळांनी सगळ्यांना ९९ वाटले असते, हेही मला दिसतं. मध्यगा, तुमचं म्हणणं मी धुडकावत नाही.

मध्यगा

मास्तर आणि वाळवंटीताई, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या विषयातल्या माणसांकडून एक गोष्ट राहते, ती कबूल करायला हवी. सूत्राची चूक आपण सरासरीने मोजतो. हजार मुलांमागे इतकी चूक, ठीक आहे, पुढे चला. धोरण ठरवायला ते पुरतं. पण गुणपत्रिकेवर एकाच मुलाचं नाव असतं.

एक माहितीही देतो. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने ऑफक्वॉलला सुरुवातीलाच दोन तज्ज्ञ देऊ केले होते. पाच वर्षं याबद्दल बाहेर बोलणार नाही अशा करारावर सही मागितली गेली आणि ते फिसकटलं. निकालाच्या दिवशी तीनशेहून जास्त पानांचा तांत्रिक अहवाल आला. तो जूनमध्ये आला असता तर लहान वर्गांचा प्रश्न आमच्यापैकी कुणीही एका दुपारी दाखवून दिला असता.

पण मग शमीपत्रताई, उद्या पुन्हा साथ आली, परीक्षा घेताच आली नाही, तर करायचं काय? 'सूत्र वाईट' म्हणून भागणार नाही.

शमीपत्र

रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं.

पहिली अट, सूत्रात जाणारं सगळं त्या मुलाने स्वतः केलेलं असावं. शाळेचा इतिहास वापरायचाच तर संशयास्पद शाळा शोधायला वापरा, मुलाची श्रेणी ठरवायला नाही. दुसरी, कुठलं काम मोजलं जाणार हे मुलाला ते काम करण्याआधी माहीत असावं. मास्तरांच्या त्या मुलाला नववीची सहामाही देताना कल्पनाही नव्हती की हा दहावीचा निम्मा निकाल आहे. मला यातली सर्वांत मोठी खोट तीच वाटते, शिरोळचा पूर सोडला तरी. तिसरी, निकालासोबत मुलाच्या हातात कागद पडावा: हे तुझे आकडे, हे कुठून आले, चूक वाटली तर या माणसाशी बोल. आणि माणूस म्हणजे माणूसच, ज्याला गुण बदलायचा अधिकार आहे असा.

बॅच२०२१ सारख्यांसाठी परीक्षेची दुसरी तारीख ठेवावी, आणि कॉलेजांनी थोड्या जागा त्या तारखेपर्यंत राखून ठेवाव्यात. खर्च होईल. तो करावा.

शिरोळचे मास्तर

ताई, तुमच्या तिन्ही अटी मान्य. पण ज्या धाग्यावरून हे निघालं त्या मंडळींसाठी एक व्यवहारातली गोष्ट.

वर्षभराच्या नोंदींवर निकाल लावा म्हणणाऱ्यांनी आपले तोंडी परीक्षेचे वीस गुण आठवावेत. २०१९ ला ते काढले, तर दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आला. ओरड झाली, कारण इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळत होते आणि अकरावीला आपली पोरं मागे पडली. वीस गुण परत आले. ते सगळीकडे कसे भरले जातात हे पालकांना माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे. बाहेरचं कुणी तपासत नाही. जी शाळा खरे गुण भरते तिची पोरं मागे राहतात.

वीस गुणांचं हे असं, तर शंभर गुण शाळेच्या नोंदींवर सोपवायचे म्हटल्यावर आधी त्या नोंदी तपासणारी माणसं नेमा. दर सत्राला दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने येऊन दहा मुलांच्या वह्या आणि चाचण्या स्वतः बघायच्या, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल. आमच्या केंद्रातल्या दोन शाळांनी आपापसात सुरू केलंय ते, कुणी सांगितलं नाही तरी. पहिल्याच फेरीत आमच्याच विज्ञानाच्या गुणांत चार-चार गुणांचा फरक निघाला, मग बसून दुरुस्त केले. कुणाला तपासणीचा तक्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवतो.